सोलकढी झोंबते, हे डॉक्टरांना सांगितलंत का?

पत्र

डॉक्टर, आम्ही देवगड तालुक्यातले. माझ्या मुलाला सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल. मुंबईत अडीच वर्षं उपचार झाले. ते संपल्यावर सात महिन्यांत आजार उलटला. मग अंगभर रेडिएशन देऊन, त्याच्या ताईच्या पेशी घेऊन बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. त्याला आता दोन वर्षं होत आली, मुलगा ११ वर्षांचा आहे. रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत. पण गणपतीपासून त्याला कोरडा खोकला आहे. घरून रस्त्याला लागायला ४२ पायऱ्यांची पाखाडी आहे. ती तो धावत चढायचा, आता मध्ये दोनदा बसतो. इथे एक्स-रे काढला, स्वच्छ आहे म्हणाले. ॲलर्जी म्हणून गोळ्या आणि पंप दिला, महिना झाला, फरक नाही. सासूबाई म्हणतात पावसाचं पाणी बाधलं. जेवणही कमी झालंय. सोलकढी त्याचा जीव की प्राण, तीही नको म्हणतो, झोंबते म्हणे. मुंबईची पुढची तारीख जानेवारीत आहे. आजार परत आला असेल का? की टीबी? शाळेत खेळू द्यावं का? त्याचा मामा तारकर्लीला स्कूबाच्या बोटीवर असतो, दिवाळीच्या सुट्टीत पाण्याखाली न्यायचं त्याने भाच्याला कबूल केलंय. आणि परवा ताईने विचारलं, ‘आई, माझ्या पेशींमुळे त्याला असं होतंय का?’ मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर

ताई,

जानेवारीपर्यंत थांबू नका. पुढचं सावकाश वाचा, पण उद्या सकाळी आधी मुंबईच्या ट्रान्सप्लांट विभागात फोन लावा आणि याच आठवड्यातली वेळ मागा. फाइलचा नंबर सांगून झाला की एवढंच म्हणा: ‘बहिणीच्या पेशी घेऊन ट्रान्सप्लांट झालंय, दोन वर्षं होत आली. गणपतीपासून कोरडा खोकला, पायऱ्या चढताना दम लागतो, पंपाने फरक नाही, तोंड झोंबतं.’ फोन घेणाऱ्याने जानेवारीचंच सांगितलं, तर ‘डॉक्टरांशी बोलू द्या’ म्हणून धरून बसा. आपली माणसं मुंबईच्या हॉस्पिटलात फार भिडस्त होतात. इथे भीड नको.

पत्रावरून निदान करता येत नाही, आणि मी ते करतही नाही. पण जेवणाच्या ओघात तुम्ही जे वाक्य लिहून गेलात, तेच मी पुन्हा पुन्हा वाचलं. सोलकढीत नारळाचं दूध असतं, ती जिभेला निववते. ती झोंबायला लागली म्हणजे तोंडाच्या आतली कातडी नाजूक झालेली असणार, म्हणून कोकमाचा आंबटपणा आणि मिरची-लसूण तिला सोसत नाही. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या मुलाचं तोंड झोंबतंय आणि त्याला दमही लागतोय असं कळलं, की माझ्या मनात पहिलं नाव येतं जीव्हीएचडी. हा शब्द तुम्ही वॉर्डात ऐकला असेल. ताईच्या पेशी त्याच्या हाडांच्या मगजात रुजल्या, त्यांनी नवं रक्त तयार केलं. कधी कधी त्यातल्याच काही पांढऱ्या पेशी त्याच्या अंगाला परकं समजून त्यावर चालून जातात, तो हा आजार. ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या काही महिन्यांत हे झालं तर त्वचा, पोट, यकृत यांना त्रास होतो. उशिरा येणारा प्रकार चिवट असतो. तो तोंडात, डोळ्यांत, त्वचेत दिसतो, आणि काही मुलांत फुप्फुसातही उतरतो.

आज रात्री एक करा. त्याला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि टॉर्चने गालांची आतली बाजू बघा. रांगोळीच्या अगदी बारीक रेघांसारखं पांढरं जाळं दिसतंय का? फोड आहेत का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का, सकाळी पापण्या चिकटतात का, ते विचारा. कातडी कुठे ताठ किंवा चट्ट्याचट्ट्यांची झाली आहे का, नखं खडबडीत झाली आहेत का, तेही बघा. जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही दिसलं नाही तरी मुंबईला जायचंच आहे, कारण ४२ पायऱ्यांत दोनदा बसणं हे एकटंच पुरेसं कारण आहे.

आता एक्स-रेबद्दल. तो स्वच्छ आला हे खोटं नाही, इथल्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलेलं नाही. तुमच्याकडे कलमांच्या बागेत ठिबक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. मुख्य पाइप धडधाकट दिसतो, पण झाडापाशी जाणाऱ्या बारीक नळ्या आतून क्षार धरून अरुंद झालेल्या असतात. बाहेरून कितीही बघा, काही दिसत नाही. झाडाला पाणी किती पडतं ते मोजलं तरच कळतं. फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनळ्यांचं तसंच होतं. त्यांना आतून व्रण पडत जातात आणि त्या अरुंद होतात. याला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात. हवा आत जाते पण बाहेर पडताना अडकते. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, आणि बसल्या जागी बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही ९८ दाखवतं. दम्यात नळ्या आवळलेल्या असतात, त्या पंपाने सैल होतात. इथे त्या व्रणाने अरुंद झालेल्या असतात, म्हणून नेहमीच्या पंपाचा फारसा उपयोग होत नाही. महिनाभर पंप घेऊनही फरक नाही, हे म्हणूनच महत्त्वाचं. (पंप स्वतःहून बंद मात्र करू नका.)

मोजायची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री, फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात आणि मग तंत्रज्ञ ओरडतो, ‘फुंक, फुंक, फुंक, अजून, अजून!’ पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा त्यातला मुख्य आकडा. मुलं पहिल्या खेपेला गाल फुगवून फुंकतात आणि आकडा फसवा येतो, म्हणून तीन-चारदा करून घेतात. घरी मेणबत्ती विझवायचा सराव करून गेलात तर बरं. पण विझल्यावर थांबायचं नाही, छातीतली हवा संपेपर्यंत फुंकत राहायचं, हे त्याला समजावा. ट्रान्सप्लांटच्या आधी त्याची ही तपासणी बहुतेक झालेली असेल. तो जुना कागद फाइलमध्ये शोधून वर काढून ठेवा, कारण नवा आकडा त्याच्याशीच ताडून बघायचा असतो. सोबत सीटी स्कॅन करतील. तो श्वास आत धरून आणि पूर्ण सोडून असा दोन्ही वेळा काढतात, अडकलेली हवा दुसऱ्या फोटोत दिसते. स्पायरोमेट्री कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीलाही होते. मुंबईची वेळ दोन दिवस पुढे गेली तर तोवर ती करून घ्या, पण तेवढ्यासाठी मुंबई लांबवू नका.

इतकी घाई का, तेही सांगते. अनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक मुलगी यायची. मी तिला दमा समजून दोन महिने वाफ दिली, पंप बदलले. आईने मला सांगितलं होतं की हिला पापड टोचतो म्हणे. मी ते ऐकलं आणि कागदावर लिहिलं नाही. तिची फुंकायची तपासणी झाली तेव्हा श्वास बराच गेलेला होता. या आजारात गेलेला श्वास बहुतेक वेळा परत येत नाही. उपचार असतात ते पुढचं जाणं थांबवायला: स्टेरॉइडचा काही काळ कोर्स, स्टेरॉइडचा वेगळा पंप, गरज पडली तर रोगप्रतिकारशक्ती आवरणारी औषधं. लवकर पकडलं तर कित्येक मुलांचा आकडा आहे तिथे टिकतो आणि ती शाळेत जातात, सायकल चालवतात. त्या मुलीनंतर मी आईने सांगितलेलं खाण्यापिण्याचं वाक्य वहीत लिहून ठेवते.

आजार परत आला का, ही तुमची खरी भीती. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर उलटतो तेव्हा सहसा फिकटपणा, ताप, अंगावर निळे डाग, गाठी, हाडं दुखणं असं काही असतं. नुसता कोरडा खोकला आणि चढणीला दम असं त्याचं रूप सहसा नसतं. तरी देवगडला किंवा कणकवलीला उद्याच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या. त्याच दिवशी रिपोर्ट मिळेल आणि तो मुंबईला दाखवता येईल. हिमोग्लोबिन कमी असलं तरी दम लागतो, तेही त्यातच कळेल. आणखी एक, पहिल्या उपचारात त्याला डॉनोरुबिसिन मिळालं असणार, लाल रंगाचं ते इंजेक्शन. ते हृदयाला थकवू शकतं. म्हणून मुंबईत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हीही मागा. चढणीवर दम लागला की आपलं लक्ष फुप्फुसाकडे जातं, हृदय राहून जातं.

टीबी आपल्याकडे आहेच, आणि अशा मुलांत तो बघायलाच हवा. पण ‘देऊन बघू’ म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करू देऊ नका. त्यातलं रिफाम्पिसिन, ट्रान्सप्लांटच्या मुलांना देतात त्या सायक्लोस्पोरिनसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण पार खाली आणतं. बेडका तपासून, खात्री करून, मुंबईशी बोलून मगच. तसंच अ‍ॅझिथ्रोमायसिनचं. खोकला म्हटलं की मेडिकलवाला तीन गोळ्यांची पट्टी हातात ठेवतो. ट्रान्सप्लांटनंतर फुप्फुसाचा हा त्रास होऊ नये म्हणून दीर्घकाळ अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलेल्या रुग्णांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तशा वापराविरुद्ध इशारा दिला. आजार पक्का झाल्यावर ते द्यायचं का, हे ट्रान्सप्लांटचे डॉक्टर तोलून मापून ठरवतात. तुम्ही किंवा मी ते ठरवायचं नाही.

काही गोष्टींत फोन, तारीख, काही बघायचं नाही. १००.४ किंवा वर ताप आला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, बरगड्यांमधली जागा आत ओढली जायला लागली, ओठ निळसर दिसले, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली राहिलं, किंवा एका बाजूला छातीत अचानक कळ येऊन दम वाढला, तर गाडी काढायची आणि ऑक्सिजन असलेलं जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. अचानक कळ म्हणजे फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठलेली असू शकते. या आजारात ते होतं.

घराकडे वळते. न्हाणीत नारळाची सोडणं आणि झावळ्या जाळून पाणी तापवत असाल, तर तो धूर त्याच्यापासून तोडा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पावसाचं पाणी बाधलेलं नाही, पण पावसाची ओल बाधू शकते, भिंतीवरच्या बुरशीपासून तो लांब हवा, एवढं त्यांचं बरोबर आहे. आता भातकापणी चालू आहे. झोडणीच्या खळ्यावर त्याला नेऊ नका, आणि दमट पेंढ्यात तर मुळीच नाही. बुरशी धरलेल्या पेंढ्यातून जे उडतं ते तुमच्या-माझ्या फुप्फुसाला सहसा फारसं काही करत नाही, त्याच्या फुप्फुसाला न्यूमोनिया करू शकतं. वाडीत नरकासुर करत असतील तर मुखवटा त्याला रंगवू द्या. पेंढा दुसरी पोरं भरतील. पहाटे जाळायच्या वेळी तो घरात, दार-खिडक्या लावून. त्याला वाईट वाटेल, मला माहीत आहे. मुखवटा त्याचा असला की थोडं कमी वाटेल. घरात कोणी बिडी ओढत असेल तर ओटीवर नाही, अंगणात नाही, आवाराबाहेर.

घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या. त्याच्या स्वतःच्या लसी ट्रान्सप्लांटनंतर पहिल्यापासून पुन्हा द्याव्या लागतात, त्याचं वेळापत्रक मुंबईहून लिहून आणा. शाळेत लसीकरणाची मोहीम आली तर विचारल्याशिवाय टोचू देऊ नका. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी जीव्हीएचडी चालू असताना चालत नाहीत.

खेळ बंद करू नका. तपासणी होईपर्यंत शर्यत, कबड्डी नको, पण चालणं, अंगणात बॅट-बॉल, जिथे दम लागेल तिथे थांबायची मुभा, हे चालू ठेवा. पीटीच्या सरांना चिठ्ठी द्या, त्यात ‘खेळू नये’ असं लिहू नका, ‘दम लागला की बसू द्यावे’ असं लिहा. पोरं घरात बसली की पायाचे स्नायू जातात, मग तेवढ्यानेही दम लागतो आणि नेमकं कशाने ते कळेनासं होतं. पाखाडीचाच उपयोग करा. रोज एकाच वेळी, त्याच्या चालीने, कितव्या पायरीवर थांबला आणि किती वेळ बसला, ते वहीत लिहा. आठ दिवसांची ती पानं कुठल्याही डॉक्टरला उपयोगी पडतील.

स्कूबा नाही. मामांना हे तुम्हीच सांगा, ते पाण्यातलं माणूस आहेत, त्यांना लगेच पटेल. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो आणि तिथे घेतलेला श्वास वर येताना दुप्पट फुगतो. धडधाकट माणूस तो सोडत सोडत वर येतो. ज्याच्या बारीक नळ्यांत हवा अडकते, त्याच्यात ती फुगायला जागा शोधते आणि फुप्फुस फाटतं. तपासणीत काहीही निघालं नाही तरी, अंगभर रेडिएशन झालेल्या मुलाने फुप्फुसाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच टाक्या लावून पाण्यात उतरायचं नाही, मोठा झाल्यावरही. बोटीवर बसून जायला हरकत नाही. डिझेलच्या धुरापासून लांब, पुढच्या टोकाला बसवा.

हे सदर वाचणाऱ्या इतर आयांसाठी थोडं. ज्यांच्या मुलांचं ट्रान्सप्लांट झालेलं नाही, नुसत्या केमोने एएलएल बरा झालाय, त्यांनी वरचं वाचून झोप उडवून घेऊ नका. त्यांच्यापैकी बहुतेकांची फुप्फुसं चांगली राहतात. उपचार चालू असताना दोन गोष्टी मात्र सांभाळा. आठवड्यातून दोन-तीन दिवस घ्यायची ती सेप्ट्रान नावाने ओळखली जाणारी गोळी एका वाईट न्यूमोनियापासून वाचवण्यासाठी असते. केमो संपल्यावरही ती काही महिने चालते, ‘आता बरा आहे’ म्हणून थांबवू नका. आणि आठवड्याच्या मेथोट्रेक्सेटवर असताना कोरडा खोकला, ताप, दम असं एकत्र आलं तर त्या आठवड्याची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका, क्वचित त्याच औषधाने फुप्फुस सुजतं. उपचार संपले तरी वर्षाची फेरी चुकवू नका. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं एसीटी क्लिनिक आहे. जिथे उपचार झाले तिथून कुठलं औषध एकूण किती, रेडिएशन किती, याचा एक पानी सारांश मागून घ्या. वीस वर्षांनी अ‍ॅपेंडिक्सचं ऑपरेशन करणारा डॉक्टर भूल देण्याआधी तोच कागद मागेल.

ताई, तुमच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणालात. खोटं सांगू नका, ती मोठी आहे, कधीतरी वाचेल. जीव्हीएचडी निघालाच, तर हो, त्या पेशी तिच्याकडून आलेल्या आहेत. पण त्याच पेशी उरलेल्या कॅन्सरला हुडकून मारतात, तोच ट्रान्सप्लांटचा अर्धा उद्देश असतो. ज्यांच्यात हा चिवट जीव्हीएचडी थोडाफार दिसतो, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी असतं, हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. तिच्या पेशी नसत्या तर आज पाखाडीवर बसायला तो कदाचित नसता. हे तिला आईकडून ऐकायला मिळावं, आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडूनही. तिला सोबत घेऊन जा. रेल्वेची कॅन्सर रुग्णाची सवलत तपासणीच्या फेरीलाही मिळते, पण रुग्ण आणि सोबतच्या एकालाच. तिचं तिकीट पूर्ण पडेल, तिची शाळाही दोन दिवस बुडेल. तरी तिला न्या. आणि डॉक्टरांसमोर तुम्ही गप्प राहा, प्रश्न तिला विचारू द्या.